शाळेच्या अंकाचं डिजिटल फ्लिपबुक केलंय पण लोक दोन-तीन पानं बघून बंद करतात, चित्रं, आवाज, क्लिक वगैरे घालून ते जिवंत कसं करू?

ताई, मी अमळनेरला डीटीपी करतो, लग्नपत्रिका, अहवाल, शाळांचे अंक, आणि आता अशी फ्लिपबुकंही बरीच करून झालीत. त्यावरून सांगतो, सुरुवात आवाजापासून करा. माणसाचा आवाज बरं का, पान उलटल्याचा तो खर्रकन आवाज नाही, तो तिसऱ्या पानालाच नकोसा होतो, सेटिंगमधून बंदच करून टाका.

हे मला एका अहिराणी शब्दांच्या पुस्तकावर काम करताना कळलं. इकडच्या एका शाळेतल्या पोरांनी घरी आजी-आजोबांना विचारून शब्द जमवले होते, आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, असे, आणि प्रत्येकाखाली स्वतः काढलेलं चित्र. पहिल्यांदा मी मागे सतत बासरी लावली, प्रत्येक चित्र हलवलं, शब्द उडत आणले, फाईल गेली ४० एमबीच्या वर. खेड्यात रेंज अशीतशीच, लोकांनी गोल फिरणारं चाक बघितलं आणि बंद केलं. मग ते सगळं काढून टाकलं आणि पोरांना सांगितलं की आजीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा, नुसता शब्द नको, त्या शब्दाचं एक वाक्य. एक आजी फक्त "मन्ही आंडेर नाशिकले शे" (माझी मुलगी नाशिकला आहे) एवढंच म्हणाल्या आणि लोकांनी तेच पान पुन्हा पुन्हा वाजवलं. कागदावर ते "शे" दिसतं पण त्याचा हेल नाही ना दिसत. तुमच्या अंकात भरताची रेसिपी असेल तर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतानाचा तडतड आवाज घ्या, बडगीत (इकडच्या लाकडी भांड्यात) भरीत ठेचतानाचा घ्या, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावर लेख असेल तर गल्लीतल्या बायकांकडून दोन ओळी म्हणवून घ्या (त्यांना विचारून, आणि मुलांचा आवाज असेल तर पालकांना विचारून). सिनेमातली गाणी मात्र नका घालू, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात.

रेकॉर्ड करताना पंखा बंद, खिडकी बंद, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब. सुरुवातीला ५ सेकंद कोणीच बोलायचं नाही, कारण ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याला ती शांतता निवडून दाखवली की तशी घरघर सगळीकडून कमी करतं. मग एमपीथ्री करा, मोनो, ६४ केबीपीएस, बोलण्याला एवढं पुरतं. एका मिनिटाला साधारण ४८० केबी होतात, तेच साध्या स्टिरिओ डब्ल्यूएव्हीला १० एमबी.

आणि पान उघडलं की आवाज आपोआप सुरू होईल असं धरून चालू नका. क्रोमने २०१८ पासून हे अडवलंय, वाचकाने आधी कुठेतरी बोट लावल्याशिवाय आवाज निघत नाही, सफारीतही तसंच. तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी बिघडलंय. त्यापेक्षा सरळ स्पीकरचं चिन्ह द्या आणि "आजीच्या तोंडून ऐका" असं लिहा. खाली तेच वाक्य छापाही, एसटीत आवाज न लावता वाचणारा असतो, ज्याला ऐकू येत नाही तोही असतो.

चित्रांचं थोडक्यात. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र कॉम्प्युटरवर भारी दिसतं, पण मोबाईल उभा धरला की बहुतेक फ्लिपबुकं एकच पान दाखवतात आणि चित्राचे दोन तुकडे होतात, वर्गाच्या फोटोत तर अर्धी मुलं गायब. मोबाईलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो, तो १६०० वर आणा. हलतं चित्र फक्त तिथे जिथे हालचाल बघितल्याशिवाय समजत नाही, म्हणजे खापरावर मांडा कसा टाकतात वगैरे, आणि तेही जीआयएफ नको, त्यात २५६ च रंग आणि वजन जास्त, ५-६ सेकंदांचा बिनआवाजाचा एमपीफोर हलका पडतो. फॉन्ट युनिकोडच घ्या, 'मुक्त' (Mukta) नावाचा किंवा 'तिरो देवनागरी मराठी', दोन्ही फुकट आहेत, तिरोत आपल्या वळणाचे ल आणि श मिळतात. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर पालकांनी मुलाचं नाव शोधलं तरी सापडणार नाही, आणि शाळेचा अंक पालक उघडतात तेच मुळी मुलाचं नाव शोधायला! म्हणून अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नावाला त्या पानाची लिंक द्या, माझ्या मते क्लिकचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

बाकी क्लिकसाठी फार काही लागत नाही. कोडं उजव्या पानावर, उत्तर पुढच्या पानावर, पान उलटणं हाच खेळ झाला. बटण बोटाच्या टोकाएवढं तरी हवं, ९ मिलिमीटर धरा, आणि कडेला किंवा कोपऱ्यात नको, तिथे बोट लागलं की पानच उलटतं. टूल म्हणाल तर हेझिन किंवा फ्लिप एचटीएमएल फाईव्हमध्ये पीडीएफवर आवाज, व्हिडिओ, लिंक ठेवता येतात, बुक क्रिएटरमध्ये मुलं स्वतः पानावरच आवाज रेकॉर्ड करू शकतात. फुकटच्या प्लॅनमध्ये यातलं काय बसतं ते अंक लावायला घेण्याआधी बघून घ्या.

पाठवण्याआधी साध्या मोबाईलवर, वायफाय बंद करून, व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरूनच उघडून बघा. आणि ज्याने फ्लिपबुक कधी बघितलं नाही अशा कोणाच्या तरी हातात द्या, काही न सांगता. आम्ही त्याच आजींच्या हातात दिलं होतं, त्यांनी स्पीकरकडे बघितलंच नाही, नातवाने काढलेल्या त्यांच्याच चित्रावर बोट ठेवून वाट बघत बसल्या. त्या दिवशी रात्री बसून सगळ्या पानांवरचं अख्खं चित्रच दाबलं की वाजेल असं करून दिलं.