मावशींचा पगार कुणी द्यायचा?

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. दिवसा एक मावशी येतात. त्यांनी पगारवाढ मागितली आहे. मागणी रास्त आहे, पण आम्हाला परवडत नाही. मीच नोकरी सोडावी असं घरात सगळ्यांचं मत पडलं. ‘याला सरकारची मदत हवी’ म्हटलं, तर दीर म्हणाले, घरच्या म्हाताऱ्या माणसांचं सरकारने का करायचं? मला उत्तर सुचलं नाही. – एक सून

उत्तर : ताई, दिरांना आधी विचारा, रात्री डायपर कोण बदलतं? (उत्तर मला ठाऊक आहे, तरी विचारा.) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या बिनपगारी सेवाशुश्रूषेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार बायका उचलतात. सरकारचा पैसा वाचतो तो असा.

तुमची नि मावशींची ओढाताण तुम्हा दोघींत सुटायची नाही. तुमच्या पगारातून त्यांचा पगार निघायचा, म्हणजे त्यांना कमी मिळालं तरच तुमची नोकरी परवडणार. शिवाय हे काम घाईने उरकता येत नाही. मी नर्स होते तेव्हा साधारण दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायचो, बेडसोअर होऊ नयेत म्हणून. आजही तेच करावं लागतं. इतर धंद्यांत यंत्रं आली, माणशी काम वाढलं, पगार वाढले. इथे वेळ तेवढाच लागतो, म्हणून पगाराबरोबर खर्च चढतच जातो. विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकातच हे दाखवलं होतं. तेव्हा पैसा तिसरीकडूनच यायला हवा.

जर्मनीने १९९५ मध्ये त्यासाठी सक्तीचा विमा आणला. घरच्या माणसाने शुश्रूषा केली तर रोख रक्कम मिळते आणि ठरावीक तासांपुढे त्या माणसाच्या पेन्शनचा हप्ताही भरला जातो. जपानने २००० मध्ये वेगळी वाट धरली. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, जवळपास तितकीच भर सरकारने घालायची, पण मदत मिळणार ती सेवेच्या रूपात, रोख नाही. रोख दिली तर सुनेलाच घरी बसवतील, असं तिथल्या महिला संघटनांनी बजावलं होतं! मला जपानचं पटतं. अर्थात तिथेही सेवेचे दर सरकार ठरवतं, ते तुटपुंजे राहिले की पगार कमी आणि माणसं मिळेनाशी होतात. नुसती योजना आणून भागत नाही.

तोवर राजीनामा देऊ नका. खर्चाचा वाटा दिरांकडूनही घ्या. मावशींचे तास लिहून ठरवा आणि आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी द्या. घरकामगारांच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारात ती किमान मानली आहे. आणि सासूबाईंना उशीकडे सरकवताना दोघींनी दोन्ही बाजूंनी अंगाखालची चादर धरून सरकवा. एकटीने काखेत हात घालून ओढलं, तर मावशींची कंबर जाते आणि सासूबाईंची कातडी सोलवटते.