वाचकांचे प्रश्न : सेनेशल म्हणजे कोण?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात नोकरी करतो. मध्ययुगीन युरोपचे पेहराव करून ढाल-तलवारीचे सामने खेळणाऱ्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ या संस्थेच्या स्थानिक शाखेने त्याला ‘सेनेशल’ नेमले आहे. असे पद इतिहासात खरोखर होते काय? लग्नपत्रिकेत त्याच्या नावापुढे ते छापावे, असा आमच्या ताईंचा आग्रह आहे.
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : पद अस्सल आहे. फ्रान्सच्या दरबारात सेनेशलकडे आरंभी राजाच्या पंगतीची आणि घरकारभाराची व्यवस्था असे. पुढे सैन्यात आणि न्यायदानातही त्याचा शब्द चालू लागला, आणि हे पद इतके वजनदार झाले की ११९१ मध्ये पॅलेस्टाईनमधील आक्र शहराच्या वेढ्यात महासेनेशल पाचवा तिबो मरण पावल्यावर दुसऱ्या फिलिप राजाने ती जागा पुन्हा भरलीच नाही. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र कार्कासोन, बोकेर अशा प्रांतांवर राजाचे सेनेशल वसूल, न्याय आणि बंदोबस्त पाहत राहिले. त्यांच्याविरुद्ध तक्रारी वाढल्या, तेव्हा १२५४ मध्ये नवव्या लुईने त्यांना हुकूमनाम्याने बांधून घेतले : नजराणे घ्यायचे नाहीत, आपल्या अंमलाखालील मुलखात जमीन खरेदी करायची नाही, आणि मुदत संपल्यावर काही आठवडे तेथेच थांबून रयतेच्या फिर्यादींना उत्तर द्यायचे. आपल्याकडे शिवकाळात हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका दर्जाचे ठेवून गड कोणा एकाच्या हाती जाऊ दिला जात नसे. लुईने अधिकार एकाकडेच ठेवला, पण त्याला जाब विचारण्याची सोय केली.

आपल्या भाच्याची संस्था १९६६ मध्ये बर्कली येथे सुरू झाली. तिच्या ‘राज्यां’चे राजे तलवारीच्या सामन्यात जिंकून ठरतात आणि काही महिन्यांनी पायउतार होतात. सेनेशल मात्र शाखेचा कायदेशीर प्रतिनिधी असतो : जागेचे करारमदार, वरिष्ठांना द्यायचे अहवाल, नियम पाळले जातात की नाही यावरची देखरेख. गिरगावातल्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यवाहाला हे सांगावे लागणार नाही; मिरवणुकीत पुढे अध्यक्ष असतात आणि परवान्याच्या कागदांवर सही ह्याची असते. आमच्या मते हा सेनेशल राजवाड्यातल्या पूर्वजापेक्षा लुईच्या जबाबदार अधिकाऱ्याला अधिक जवळचा आहे, आणि त्या खेळातले सर्वांत कमी नाटकी काम त्याच्याच वाट्याला येते. फिलिपने हे पद रिकामे ठेवले. या संस्थेच्या शाखेला मात्र सेनेशल असावाच लागतो.

पत्रिकेचे म्हणाल, तर ताईंना समजवावे. त्या संस्थेत मानाचे किताब वेगळे दिले जातात. सेनेशल हा किताब नसून मुदतीचा हुद्दा आहे, आणि पुढच्या नेमणुकीनंतर तो दुसऱ्या कोणाच्या तरी नावापुढे लागेल.