ख्रिस्ती माणसाने मंडईतल्या नाटकाला वर्गणी द्यावी का? आणि डान्स हंगाम्याला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळे भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात आलात, गावात तुमचं एकच ख्रिस्ती घर. भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरणार, ती भरवणाऱ्या मंडळाची पोरं आतापासूनच पावतीबुक घेऊन फिरताहेत. पहिल्या रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या धानपट्ट्याचं, नाटक; दुसऱ्या रात्री डान्स हंगामा, म्हणजे स्टेजवर मुलींचा फर्माईशी नाच. तुमचे पास्टर म्हणतात, हे सगळं जगाचं, एक रुपया देऊ नका. बायको म्हणते, आपल्याला याच गावात राहायचं आहे. तुम्हाला दोघांचंही पटतं.

माझं उत्तर आधीच सांगतो. नाटकाला द्या, हंगाम्याला देऊ नका, आणि पावती फाडण्याआधी मंडळाच्या बैठकीत जाऊन बसा. यातलं तिसरं सगळ्यात कामाचं आहे आणि तेच आपले लोक करत नाहीत.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या पट्ट्यात माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, त्यामुळे हा सगळा प्रकार मी स्टेजच्या मागून पाहतो. वडील यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकले होते (ती १९८३ मध्ये पुण्याला गेली), त्यांची पुस्तकं घरात आहेत. म्हणून मध्येच दोन-चार जुनी नावं येतील, चालवून घ्या.

पास्टरांचं म्हणणं हवेतलं नाही. इ.स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने रोमन खेळ-तमाशांविरुद्ध एक अख्खा ग्रंथ लिहिला. ते खेळ देवतांच्या नावाने सुरू व्हायचे आणि रिंगणात खरोखर माणसं मरायची, तेव्हा त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? पण त्याच ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे, ती आपले उपदेशक सहसा सांगत नाहीत. हे लोक नटांवर जीव ओवाळून टाकतात आणि कायद्याने त्याच नटांची अब्रू काढून घेतात, असं तो म्हणतो.

हे वाचलं की मला हंगाम्याची स्टेज आठवते. मागे ताडपत्रीचा आडोसा, तीच मुलींची कपडे बदलायची खोली, आणि त्या ताडपत्रीला भोकं पाडणारी पोरं. पुढे दोरी. दोरीच्या अलीकडे खुर्च्यांवर पुढारी, पलीकडे हात वर करून मोबाइल धरलेली गर्दी. नोट दाखवणाऱ्याचं नाव निवेदक माइकवरून पुकारतो, मग दुसऱ्याला त्याच्याहून मोठी नोट काढावी लागते, आणि रात्र चढते तशी फर्माईशही चढत जाते. सकाळी गाडीची वाट पाहत त्याच मुली टपरीवर चहाला उभ्या राहिल्या, की रात्री नोटा उधळणारे तोंड फिरवून निघून जातात. माझा आक्षेप नाचाला नाही. तिथे जे विकत घेतलं जातं ते त्या मुलीला हवं तसं वागवण्याची मुभा आहे, आणि त्या मुभेत माझी वर्गणी नको.

नाटकाची गोष्ट वेगळी. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत शामियाना लागतो, तणस अंथरून त्यावर बायका-पोरं बसतात, वाजवणारे स्टेजच्या पुढ्यात. साडेदहाला पडदा उघडतो आणि तीन अंक संपेस्तोवर तांबडं फुटतं. मंडईला लेकी-जावई आलेले असतात, मध्यंतरात कुठे कुठे सोयरिकी जुळतात. विषय बहुतेक घरातलेच: हुंडा, भाऊबंदकी, कर्ज, दारू. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे, आणि दारूने बुडालेल्या घराचं नाटक तिथे आजही हमखास चालतं, यावरून काय ते समजा. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणायची आणि तीच पेटी नाटकात वाजली की ती जगाची झाली, हा हिशेब मला तरी जुळत नाही.

पण नाटक धुतल्या तांदळासारखं आहे असंही म्हणणार नाही. विनोदी पात्राचे द्व्यर्थी संवाद असतात. दुसऱ्या अंकात कथेशी काडीचा संबंध नसलेली लावणी घुसवलेली असते. ती कोण घुसवतं, हे नीट पाहिलं पाहिजे. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. मंडळाची चार माणसं तिथे जातात, पोस्टर बघतात, नाटक, तारीख आणि रक्कम ठरवतात. उठता उठता एक जण विचारतो, “डान्स किती हायेत?” मालक म्हणतो, “तुमी सांगा तेवढे टाकू.” झालं, लावणी तिथेच ठरली. लेखकाला ती नको असते, पुष्कळदा नटीलाही नको असते.

कंपनीची रक्कम त्याच दिवशी पक्की होते. नंतर तिकीट विक्रीचा नफा-तोटा मंडळाचा. म्हणजे नाटकाच्या रात्री तुम्ही रागाने घरी बसलात, तर कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही. तुमच्या गावच्या मंडळाच्या गल्ल्यात तेवढा खड्डा पडतो. तुमच्या पैशाला तोंड आहे ते बुकिंगच्या आधी. म्हणून बैठकीत बसा म्हणालो. तिथे धर्माचं काही काढू नका. “यंदा घरच्या बायकांना शेवटपर्यंत बसता येईल असं नाटक आणू” एवढंच म्हणा. बैठकीतले निम्मे लोक मनातून तेच म्हणत असतात, फक्त पहिला कोणी बोलत नाही.

मंडईत देवाची पूजा असते, देवाचं प्रतीक म्हणून ढाल मिरवत निघते, मग वर्गणी म्हणजे मूर्तिपूजेला हातभार का, ही शंकाही तुम्ही लिहिली आहे. बायबलच्या काळातल्या करिंथ शहराच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, अगदी हाच पेच पडला होता. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल सगळं एका मापाने मोजत नाही. बाजारातलं मांस चौकशी न करता खा, म्हणतो. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि देवतांच्या मेजावर जाऊन तर बसूच नका. म्हणजे वस्तू तीच, पण कुठे आणि कोणासमोर यावर उत्तर बदलतं. तुमच्यापुरतं यातून इतकंच काढा: पावतीवर ‘नाटकाकरिता’ असं लिहून मागा. आमच्याकडे लिहून देतात, कोणी वाकडं घेत नाही.

आता माझ्याकडचा एक तिढा. हंगाम्याला मी साउंड देत नाही. तरी हंगामा व्हायचा तो होतोच, मंडळ दुसऱ्या गावचा साउंड आणतं. मग फायदा काय? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला प्रसारमाध्यमांवर एक हुकूमनामा काढला, त्यात प्रेक्षकाची जबाबदारी वेगळी सांगितली आहे. जे चांगल्याला अडवतं आणि वाईटाला चढवतं ते टाळा, कारण त्याला पैसे मोजणं म्हणजे निव्वळ नफ्यासाठी ही साधनं वापरणाऱ्यांना बक्षीस देणं, अशा अर्थाचं ते वचन आहे. आपण प्रोटेस्टंट असलो तरी मला ते मान्य आहे. हंगामा थांबवणं माझ्या हातात नाही, बक्षीस न देणं आहे.

खुर्च्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. माझ्या खुर्च्या मंडईचे तिन्ही दिवस तिथेच असतात: कीर्तनाला, नाटकाला, हंगाम्यालाही. आमच्या सरपंचांनी एकदा चारचौघांत टोला हाणला, “खुर्च्या चालतेत अन् भोंगे नाई चालत? असा कसा गा तुमचा धरम?” सगळे हसले, मीही हसलो. पण जुन्या नीतिशास्त्रात जवळचा सहभाग आणि दूरचा सहभाग असा भेद केलेला आहे आणि तो काही पळवाट म्हणून केलेला नाही. माझा माइक त्या निवेदकाच्या हातात असणं आणि माझ्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं असणं, यात अंतर आहे. सगळीच सूत्रं तोडायची म्हटली तर जनरेटरला डिझेल विकणारा पंपवालाही दोषी ठरेल.

बहिष्काराची भाषा करणाऱ्यांना मी कार्थेजच्याच बिशप सिप्रियनचं एक पत्र ऐकवतो. तिसऱ्या शतकातलं आहे. एक नट ख्रिस्ती झाला, स्टेज सोडलं, पण पोटासाठी मुलांना अभिनय शिकवू लागला. त्याला मंडळीत ठेवावं का, असं विचारलं गेलं. सिप्रियन म्हणाला, शिकवणं बंद करायला लावा. पण तो गरीब असेल तर त्याचं साधं जेवणखाण मंडळीने पुरवावं. आणि तिथल्या मंडळीला झेपत नसेल तर त्याला कार्थेजला पाठवा, आम्ही पाहू. आमच्या चर्चमध्ये ख्रिसमसला पेटी वाजवणारा मुलगा नाटकांच्या मोसमात एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो. ते सोड, असं त्याला सांगितलं गेलं तेव्हा मी कमिटीत हे पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, महिन्याला किती देणार? विषय पुढच्या बैठकीवर गेला. अजून तिथेच आहे.

मोबाइलचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. तिथे पावतीबुक घेऊन कोणी येत नाही, पण जे शेवटपर्यंत पाहाल त्याच जातीचं पुढचं समोर येतं आणि बनवणाऱ्यालाही कळतं की हे खपतं. मुलांना बंदी घालण्यापेक्षा आधी आपण रात्री अंथरुणात काय पाहतो ते बघा, बाकीचं फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं आठवं वचन सांगतंच: जे सत्य, जे शुद्ध, त्याचंच मनन करा.

पोरं परत आली की नाटकाची पावती फाडा, हंगाम्याच्या पावतीला हसतमुखाने नाही म्हणा. अन् अंगावर काही घ्यायचंच असेल तर नाटकवाल्यांच्या जेवणाचं घ्या. ती सोय मंडळाला करावीच लागते आणि दरवर्षी त्यावरून रडारड असते. वरण-भात, वांग्याची भाजी, एवढ्यावर ते लोक खूश असतात. पण नट-नट्या, वाजवणारे, पडदेवाले मिळून भरपूर पानं होतात, तेव्हा बैठकीत हो म्हणण्याआधी घरी विचारून जा.