हृदयाच्या गोळीने फुफ्फुसं गेली, दाद कुठे मागायची?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यातले. आबांच्या हृदयाचे ठोके बिघडले म्हणून खासगी रुग्णालयात अमायोडारोन सुरू झालं. दीड वर्षाने कोरडा खोकला, दम सुरू झाला. तिथे दाखवलं तर 'वयोमानाने होतं' म्हणून कफाचं औषध दिलं. गेल्या महिन्यात कोल्हापुरात सीटी स्कॅन झालं. त्या गोळीनेच फुफ्फुसांना इजा झाली, असं डॉक्टर म्हणाले. केस करता येईल का?

उत्तर : आधी आबांचं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करू नका.

केस करता येईल. मात्र 'औषधाने इजा झाली' एवढ्यावर ती टिकणार नाही. हा दुष्परिणाम माहीत असूनही जीव वाचवायला हे औषध द्यावं लागतं. ते देणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. धोका समजावला होता का, सुरुवातीला छातीचा एक्स-रे काढला होता का, हे विचारावं लागेल. पण माझ्या मते तुमची खरी बाजू पुढची आहे: आबा दम लागतो म्हणून सांगत असताना गोळीवर संशय का घेतला नाही? ती तक्रार केसपेपरवर तारखेसह लिहिलेली असेल, तर तो कागद सोन्यासारखा जपा.

सगळे कागद लेखी अर्ज करून मागा, अर्जाची पोच घ्या. 72 तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि तपासणीला बोलावूनही न जाता मेडिकलमधून जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणल्या असतील, तर तेही वकिलापासून लपवू नका. समोरची बाजू ते काढणारच.

पोलिसांत जायची घाई नको. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारीसाठी गंभीर निष्काळजीपणाची अट घातली आहे. तुमची वाट रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. उपचारांना दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही. मुदत 2 वर्षांची. इजा आतली असल्याने ती कळल्यापासून मोजावी, असं आपण म्हणू शकतो. पण त्या भरवशावर राहू नका. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून निदान आणि त्याचं कारण आत्ताच लेखी घ्या.