घराजवळच्या फ्रेंच बेकरीत पहिल्यांदा जाताना काय घ्यावे आणि माल अस्सल आहे हे कसे ओळखावे?

तुमच्या रत्नागिरीत घराजवळ फ्रेंच पद्धतीची बेकरी सुरू झाली आहे आणि तेथे काय घ्यावे, कधी जावे, नुसती पाटीच फ्रेंच आहे की मालही, असे तुम्ही विचारले आहे. मी अलिबागला राहतो आणि आमच्या आळीच्या टोकाला अशीच एक बेकरी आहे, तेव्हा समुद्रकाठची हवा लक्षात घेऊनच उत्तर देतो.

पहिल्या खेपेला काचेच्या कपाटातील रंगीत केककडे न पाहता साधा, काहीही न भरलेला क्रोसाँ (चंद्रकोरीच्या आकाराचा, लोण्याच्या थरांचा पाव) मागावा, कारण चॉकलेट किंवा बदामाच्या सारणाखाली कच्चे काम सहज झाकले जाते. यीस्ट घातलेल्या मैद्याच्या पिठात थंड लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, तीन पदरी घडी घालून पुन्हा थंड करायची, असे तीनदा केले की लोण्याचे २७ थर होतात आणि भट्टीत पाण्याची वाफ होऊन ते सुटतात. आपली खारीसुद्धा घड्यांचीच असते. पण तिच्यात यीस्ट नसते आणि बहुधा वनस्पती तूप किंवा मार्गारीन असते, म्हणून ती आतपर्यंत खुसखुशीत होते. क्रोसाँ मात्र बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, किंचित ओढ देणारा हवा.

खरी अडचण आपल्या हवेची आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारची हवाच तेवढी तापते. त्यामुळे वातानुकूलित खोली नसेल तर लाटतानाच लोणी पिठात मुरते, थर राहत नाहीत आणि हाती येतो तो चंद्रकोरीच्या आकाराचा पाव. यावर सोपी युक्ती म्हणून काही ठिकाणी जास्त तापमानाला वितळणारे मार्गारीन वापरतात. ते ओळखणे अवघड नाही: खाऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर राहतो आणि त्यावर चहा प्यायला तरी तो लगेच जात नाही. क्रोसाँ आडवा कापून पाहावा. आत लहानमोठ्या पोकळ्यांची जाळी पडलेली असावी, तळ तेलकट नसावा आणि वरचा रंग चांगला गडद तपकिरी असावा. आपल्याकडची गिऱ्हाइके हा रंग पाहून ‘करपला’ म्हणतात आणि मग बेकरीवालेही फिकट भाजू लागतात, हे मला फार खटकते.

तसा क्रोसाँही मूळचा पॅरिसचा नव्हे. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तेथील चंद्रकोरी पावाचे अनुकरण फ्रेंचांनी केले. आजचे थर तर त्याही नंतरचे आहेत. म्हणून हंगामात हापूसच्या फोडी घातलेला टार्ट दिसला तर नाक न मुरडता घ्यावा. हंगाम सरल्यावर डबाबंद रसाचा घेऊ नये, तो नुसता गोड लागतो.

पावाबाबत फ्रान्समध्ये कायदाच आहे. १९९३ च्या आदेशानुसार पारंपरिक फ्रेंच पाव म्हणून विकायच्या पावाचे पीठ गोठवता येत नाही, आणि १९९८ पासून जेथे पीठ मळून, पाव घडवून तेथेच भाजले जातात त्याच दुकानाला बुलांजेरी, म्हणजे पावाची बेकरी, म्हणवून घेता येते. आपल्याकडे असे बंधन नाही, म्हणून पीठ येथेच मळता की गोठवलेले मागवता, हे काउंटरवर सरळ विचारावे. चांगले काम करणारा माणूस या प्रश्नाने रागावत नाही, उलट खुलतो. अंडे खात नसाल तर तेही विचारावे: क्रोसाँच्या पिठात सहसा अंडे नसते, पण चकाकीसाठी वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो, एक्लेर या क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीचे कवच तर अंड्यावरच फुगते.

जायचे ते सकाळीच. दमट हवेत बागेत (baguette) या लांब काठीसारख्या फ्रेंच पावाचे कवच दुपारपर्यंत चामट होते आणि पावसाळ्यात त्याहूनही लवकर. लागेल तेवढेच घ्यावे, कागदी पिशवीतच घरी आणावे आणि पाव फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण त्या थंडाव्यात तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. उरलाच तर काप करून फ्रीझरमध्ये टाकावा. क्रोसाँ पुन्हा गरम करायचा असेल तर ओव्हनमध्ये १६० अंशांवर पाच-सहा मिनिटे ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये तो आधी लिबलिबीत होतो आणि निवला की वातड.