पायांची आग आणि ‘डिप्रेशनची गोळी’: वडिलांसाठी काय तोलून पाहावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : माजलगावजवळ शेती करणाऱ्या आपल्या 61 वर्षांच्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, रात्री तळपायांची आग होते, अंगावरची चादरसुद्धा पायांना सहन होत नाही, म्हणून फिजिशियनने अ‍ॅमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम रात्री घ्यायला लिहून दिली. मेडिकलवर ही डिप्रेशनची गोळी असल्याचे कळताच वडील “मला काय वेड लागलंय का?” म्हणून अडून बसले. आता ती द्यावी, की नसांच्या दुखण्यावरचे दुसरे औषध प्रीगॅबालिन लिहून मागावी, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. लातूरला राहतो, मधुमेहाने पायांच्या नसा खराब झालेला रुग्ण आहे आणि याच गटातली नॉर्ट्रिप्टिलीन अनेक वर्षे घेत आहे. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जे वाचले आहे त्यावरून लिहितो.

वडिलांना पहिली गोष्ट ही सांगावी की, डॉक्टरांनी त्यांचे दुखणे मनाचे ठरवलेले नाही. नैराश्यासाठी ही गोळी साधारण 75 ते 150 मिलिग्रॅमपर्यंत दिली जाते. नसांच्या दुखण्यासाठी 10 पासून सुरुवात होते आणि पुष्कळांचे 25 ते 50 वर भागते. मेंदूतून पाठीच्या कण्याकडे उतरणारे काही मज्जातंतू खालून येणारी वेदना दाबण्याचे काम करतात आणि त्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व सेरोटोनिन ही रसायने वापरतात. ती रसायने तिथे अधिक वेळ टिकावीत, हे या गोळीचे काम. आराम केवळ मन प्रसन्न झाल्यामुळे मिळत असता, तर फ्लुऑक्सेटीनसारख्या नैराश्यावरच्या इतर गोळ्यांनीही पायांची आग तेवढीच कमी व्हायला हवी होती. पण नसांच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेत 2004 साली ड्युलोक्सेटीनला नैराश्यासाठी मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी मधुमेहातील नसांच्या वेदनेसाठीही मिळाली. एका औषधाचे दोन स्वतंत्र उपयोग असण्यात नवल नाही.

आता अपेक्षा किती ठेवावी, याविषयी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, अ‍ॅमिट्रिप्टिलीनच्या गटातील औषध साधारण चार जणांना दिले तर औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत एका जास्तीच्या माणसाची वेदना निम्म्याने उतरते. ड्युलोक्सेटीनच्या गटात त्यासाठी सहा-सात जणांना आणि प्रीगॅबालिनमध्ये सात-आठ जणांना औषध द्यावे लागते. मात्र अ‍ॅमिट्रिप्टिलीनवरचे बरेच अभ्यास जुने आणि लहान आहेत, त्यामुळे तिचा आकडा थोडा उजळ दिसत असावा, असे माझे मत आहे. 2022 साली ब्रिटनमधील 130 मधुमेही रुग्णांवरच्या चाचणीत या तिन्ही औषधांपासून उपचार सुरू करून पाहिले आणि गरज पडेल तिथे दुसरे औषध जोडले. तिन्ही वाटांनी सोळा आठवड्यांनंतर वेदना दहापैकी सरासरी 6.6 वरून 3.3 च्या आसपास आली. फरक पडला तो त्रासांत : प्रीगॅबालिनने चक्कर जास्त, ड्युलोक्सेटीनने मळमळ जास्त, अ‍ॅमिट्रिप्टिलीनने तोंडाला कोरड जास्त. म्हणून माझ्या दृष्टीने “कोणती गोळी जास्त चांगली” हा प्रश्न इथे मागे पडतो आणि “वडिलांचे शरीर व त्यांचे रोजचे काम कोणता त्रास झेलू शकेल” हा खरा प्रश्न उरतो.

त्यात मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासाठी सर्वांत आधी ऊन येते, आणि तपासणीच्या घाईत नेमके हेच विचारायचे राहून जाते. अ‍ॅमिट्रिप्टिलीनने घाम कमी येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांवर असताना भर दुपारी रानात असलेल्या माणसाचे अंग घामावाटे थंड झाले नाही, तर उष्माघाताचा धोका वाढतो. शिवाय बसल्याचे उठताना रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते, बी.पी.ची गोळी चालू असेल आणि पाणी कमी प्यायले असेल, तर ती अधिक येते. गोळी सुरू केली तर उन्हाळ्यातली कामे सकाळी उरकावीत, रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेवर थोडे बसून मग उभे राहावे.

दुसरी बाब लघवीची. या वयात प्रोस्टेट वाढलेली असणे अगदी सामान्य आहे, पण आपल्याकडचे पुरुष मुलासमोर ते बोलत नाहीत. धार बारीक येत असेल किंवा थांबून थांबून येत असेल, तर या गोळीने लघवी पूर्ण अडू शकते. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे, ई.सी.जी. काढलेला नसेल तर या वयात तो काढून घेणे मला आवश्यक वाटते. तोंडाची कोरड ऐकायला किरकोळ वाटते, पण सुरुवातीच्या दिवसांत ज्वारीची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे, वरणात कुस्करूनच खावी लागे. बद्धकोष्ठताही होते. माझ्या बाबतीत दोन्ही त्रास हळूहळू सोसण्याइतके कमी झाले.

यांपैकी मोठी अडचण निघाली, तर ड्युलोक्सेटीनचा विचार करता येतो. मात्र यकृताचा आजार किंवा रोजचे मद्यपान असेल, अथवा मूत्रपिंड बरेच निकामी झाले असेल, तर ती टाळतात, आणि तिने रक्तदाब वाढू शकतो. प्रीगॅबालिनने पायांवर सूज व वजनवाढ होते आणि तिची मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेप्रमाणे कमी करावी लागते. म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा अहवाल कोणत्याही मार्गाने हाताशी हवाच.

एक गोष्ट आजच करावी. वडील आधीपासून मेडिकलवरून “नसांची गोळी” आणून घेत असतील, तर त्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून पाहावीत. आपल्याकडे प्रीगॅबालिन, नॉर्ट्रिप्टिलीन आणि मिथाइलकोबालामिन (बी-12 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. तशी गोळी चालू असेल, तर वडील डिप्रेशनची म्हणतात त्याच गटातले औषध आधीच घेत आहेत, आणि वर अ‍ॅमिट्रिप्टिलीन दिली तर मात्रा दुप्पट होईल. पाठदुखीसाठी कोणी ट्रॅमाडॉल दिलेली असेल तर तीही सांगावी, कारण या दोहोंचा मेळ धोकादायक ठरू शकतो.

वेदना दाबण्याआधी तिचे कारण पाहिले गेले आहे का, हेही विचारावे. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-12 कमी होते, शाकाहारी माणसात अधिक, आणि त्यानेही अशीच आग व मुंग्या होतात. ते भरून काढता येते. अंगावर कुठे बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी व्हायला हवी. तिची लाज धरू नये, उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि कोणतीही गोळी खराब झालेली नस दुरुस्त करत नाही. आग कमी झाली तरी बधिरपणा राहतो, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, म्हणून रोज रात्री तळपाय उजेडात पाहणे आणि गरम पाण्यात पाय न बुडवणे हे चालूच ठेवावे लागते.

द्यायचे ठरले तर झोपायच्या आधी दीड-दोन तास द्यावी, म्हणजे सकाळची गुंगी कमी राहते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज शून्य ते दहामध्ये वेदनेचा आकडा आणि झोप कशी लागली ते लिहावे. पहिल्या आठवड्यात झोप सुधारते, वेदनेला वेळ लागतो. डॉक्टर सांगतील तशी मात्रा वाढवून, सोसवेल त्या मात्रेवर चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय “लागू पडत नाही” असा निकाल देऊ नये. तेवढ्या काळात आकडा निदान तिसऱ्या हिश्श्याने उतरला नाही, तर पुढचे औषध मागण्यास आपण मोकळे आहात. बंद करायची तर एकदम नाही, पायरीपायरीने.

शेवटची बाब लिहिताना मला जपून लिहावे लागत आहे, पण आपल्या भागात ती टाळून चालणार नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन एकाच वेळी जास्त पोटात गेली तर हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. घरात लहान मुले असतील तर पाकीट कुलपात असावे. आणि रात्र-रात्र झोप नसलेल्या, कर्ज व नापिकी डोक्यावर असलेल्या माणसाला खरोखरच नैराश्यही आलेले असू शकते. वडिलांना ते एकांतात, सरळ शब्दांत विचारा. उत्तर होकारार्थी आले, तर 10 मिलिग्रॅमची ही गोळी त्यावर पुरेशी नाही, हे डॉक्टरांना कळवून त्यासाठी वेगळा उपचार घ्यावा लागेल, गोळ्या थोड्या थोड्या आणून आपल्याच ताब्यात ठेवाव्या लागतील, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हेही त्यांना सांगून ठेवावे.