गाडी घेऊन दोन वर्षं उलटली, वॉरंटी मात्र चालू आहे. आता ग्राहक आयोगात जाता येईल का?

खारघरच्या ज्या गृहस्थांनी हे विचारलंय, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीला सव्वीस महिने झाले, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पाचव्या महिन्यापासून झटके देतोय, वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि सर्व्हिस सेंटरवाले 'अपडेट येतंय, थोडं थांबा' म्हणतात. तर थांबावं का, वकिलाची नोटीस दिली की मुदत वाढते का, आणि नवी गाडी मिळेल का?

थांबू नका. नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. नव्या गाडीचं शेवटी बोलू.

खरं तर इथे उत्तर संपवता आलं असतं, पण ते 'थोडं थांबा' वाचलं आणि माझं डोकं तापलं. आमच्या घरात या दोन शब्दांवरून गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे.

2016 च्या दसऱ्याला मी घोडबंदर रोडच्या एका शोरूममधून डिझेल गाडी घेतली. नेलं होतं साडूभाऊंनी. त्यांनी त्याच वर्षी पाडव्याला तिथूनच तेच मॉडेल घेतलं होतं आणि तिथल्या वर्कशॉप मॅनेजरशी त्यांची 'ओळख' झाली होती. दोन्ही गाड्यांना एकच रोग. गायमुखचा चढ लागला की क्लच जळाल्याचा वास, आणि ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरला गाडी थरथरायची. क्लच प्लेट बदलली की दोन-तीन महिने बरं, मग पुन्हा तेच.

साडूभाऊ गेले की त्यांना केबिनमध्ये चहा मिळायचा. 'साहेब, गाडी ठेवून जा, मी स्वतः बघतो.' जॉब कार्ड (गाडीचा त्रास आणि केलेलं काम लिहितात तो कागद) बिर्ड काही नाही, सगळं तोंडी. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलेला माणूस, सहीच्या चिठ्ठीशिवाय वॉशरही बाहेर जाऊ दिला नाही. मी काउंटरवरच उभा राहायचो. सर्व्हिस ॲडव्हायझर 'जनरल चेकअप' लिहायचा, मी सही करायचो नाही.

'काका, सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाहीये.'

'मग हाताने लिही. क्लचचा वास, चढावर ओढत नाही, किलोमीटर इतके. खाली तुझी सही.'

मागची माणसं कुरकुरायची. कुरकुरू देत. गाडी परत घेताना तो 'चेक्ड ओके' लिहायचा, तेव्हा मी शेजारी 'त्रास कायम' लिहून सही करायचो. घरी येऊन त्याच रात्री कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, जॉब कार्डाचा फोटो जोडून.

2018 च्या उन्हाळ्यात मी तक्रार टाईप करून घेतली, तेव्हा साडूभाऊंनी सगळ्यांसमोर मला वेड्यात काढलं. 'वॉरंटी आहे ना अजून? मग घाई कसली? मॅनेजरने शब्द दिलाय.' आणि वर ती म्हण, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ज्याने कोणी ही म्हण काढली त्याच्याकडे बैलगाडी असणार.

वॉरंटी हा कंपनीने तुमच्याशी केलेला करार. तक्रारीची मुदत कायदा ठरवतो. जुन्या 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 24अ होतं, आताच्या 2019 च्या कायद्यात कलम 69 आहे. दोन्हीकडे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वॉरंटी तीन वर्षांची असो नाहीतर पाच, ही दोन वर्षं आपली चालूच असतात. आणि सर्व्हिस सेंटरच्या गोड बोलण्यात ती बरोब्बर संपतात. ते मुद्दाम करतात असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, पण माझं मत तेच आहे.

मी दसऱ्याच्या आत ठाण्याच्या मंचात (तेव्हा आयोग नव्हे, मंच म्हणायचे) तक्रार दाखल केली. सामनेवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्या, लेखी म्हणण्यात पहिलाच मुद्दा काय, तर 'तक्रार मुदतबाह्य आहे'! यांच्या वकिलांकडे हा मजकूर छापूनच ठेवलेला असतो. सदस्यांनी इन्व्हॉइसची तारीख बघितली, दाखल केल्याची तारीख बघितली, आणि तो मुद्दा तिथेच संपला. मग तज्ज्ञाकडून तपासणी, मध्ये कोविड, तारखांवर तारखा. शेवटी फ्लायव्हीलसकट अख्खी क्लच असेंब्ली मोफत बदलून मिळाली, आधीच्या बिलांचे पैसे परत आले, मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे म्हणून थोडे वेगळे.

साडूभाऊंच्या त्या मॅनेजरची बदली झाली. नव्या माणसाने विचारलं, 'कसला शब्द? काही लेखी आहे का?' मग 2019 मध्ये यांनी नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही, तक्रार केली. सोबत विलंब माफीचा अर्ज, कारण काय तर 'सर्व्हिस सेंटरशी बोलणी चालू होती'. दाखल होण्याच्या टप्प्यावरच फेटाळली. गाडी त्यांनी पडत्या भावात विकली. अजूनही दर गणपतीत ऐकवतात की, 'तुला मिळून मिळून क्लच मिळाला, मी मात्र शांत झोपलो.' झोपले हे खरंच आहे.

आता तुमचं. सव्वीस महिने म्हणजे इन्व्हॉइसपासून मोजलं तर मुदत गेली, आणि कंपनीचा वकील तसंच मोजणार. पण वादाचं कारण म्हणजे बिल फाडल्याचा दिवस असं दर वेळी नसतं. क्रेटा गाडीच्या एअरबॅगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2022 मध्ये हेच पाहिलं. गाडी 2015 ची, अपघात 2017 चा, एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक होईपर्यंत हा दोष ग्राहकाला कळायला मार्गच नव्हता, म्हणून मुदत अपघातापासून धरली. तुमचा दोष पाचव्या महिन्यात दिसला आणि तेव्हाचं जॉब कार्ड तुमच्याकडे असेल तर त्या तारखेपासून दोन वर्षं धरून तुमच्या हातात अजून काही आठवडे आहेत. ती दोन वर्षं संपायच्या आत दाखल करा आणि सोबत विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडूनच ठेवा, म्हणजे इन्व्हॉइसवरून वाद झाला तर निदान तो अर्ज हाताशी असेल. 'शेवटच्या जॉब कार्डापासून मोजू' हा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका. आणि 'समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तर?' असा विचारही करू नका. मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची असते, हे सुप्रीम कोर्टाने 2009 मध्येच सांगितलंय.

पत्त्याचा एक घोळ लक्षात घ्या. खारघर नवी मुंबईत धरलं जातं, पण जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागला. तुम्ही लिहिलंय नोकरी ऐरोलीला. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा कमावतो तिथे तक्रार करता येते, आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात. तेव्हा ऑफिसचं पत्र जोडा आणि ठाणे जिल्ह्यातच दाखल करा. गाडीची किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही होतं. वकील सक्तीचा नाही, पण मुदतीचा वाद असताना घ्यावा असं मी म्हणेन.

कंपनीलाही घड्याळ आहे. लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगालाही सवलत देता येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये हे पक्कं केलंय. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलंय. ते वाचून बरं वाटतं, एवढंच.

नवी गाडी? अवघड. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वॉरंटी सदोष भाग बदलून द्यायची आहे, अख्खी गाडी नव्हे. तेव्हा तक्रारीत नवी गाडी मागा, पण 'किंवा गिअरबॉक्स बदलून, वाढीव वॉरंटीसह' हेही मागा. दोष उत्पादनातला आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, म्हणून आयोगाकडून तज्ज्ञ तपासणीची मागणी पहिल्या अर्जातच घाला. बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडू देऊ नका.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर व्यावसायिक वापराचा वेगळाच वाद निघेल, तेव्हा आधी आरसी बघा. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला मात्र कायदा ग्राहक मानतो. मी वकील नाही, हेही लिहून ठेवतो.

आणि कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेने गाडी बनवलेली नाही. साडूभाऊंनी रागाने दोन हप्ते थांबवले होते, त्याचा दंड मॅनेजरच्या शब्दात बसला नाही.